बुलेटचं तेल आणि एक बारीक नळी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आज बोलायचं आहे ते एका नळीबद्दल. जुन्या बुलेटच्या इंजिनाकडे नीट पाहिलंत, तर बाहेरून वर डोक्याकडे गेलेली, पेन्सिलीहून बारीक अशी एक नळी दिसेल. तिच्या टोकांना पोकळ बोल्ट असतात आणि प्रत्येक बोल्टखाली तांब्याचे वायसर असतात. गाडी विकत घेणारा रंग पाहतो, टाकी पाहतो, सायलेन्सरचा आवाज ऐकतो. या नळीकडे त्याचं लक्ष जात नाही. पण अलीकडे ज्यांनी वडिलांची किंवा काकांची जुनी बुलेट पुन्हा रस्त्यावर काढली आहे, त्या तरुणांचं लक्ष तिच्याकडे गेलं आहे. ती काढून स्टीलच्या जाळीचा जाड पाइप लावायचा, जमलं तर पुढे एक ऑइल कूलर बसवायचा, म्हणजे इंजिन थंड राहील, असा बेत असतो. बेत वाईट नाही. पण तो अर्धवट केला तर इंजिन जातंच, आणि कधी घाटातल्या वळणावर चालवणाऱ्याचा जीवही धोक्यात येतो. म्हणून हा विषय.

आधी हे इंजिन कुठलं ते सांगतो. बुलेटचा आराखडा मूळचा इंग्लंडमधल्या रेडिचचा. भारतीय लष्कराला सरहद्दीवर गस्तीसाठी मोटरसायकली हव्या होत्या. त्यातून १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि तिकडे मूळ कंपनी बंद पडली तरी इकडे तेच इंजिन पुढची पन्नासहून अधिक वर्षं निघत राहिलं. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, क्षमता ३४६ सीसी. सिलिंडरचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, वरचं हेड मात्र ॲल्युमिनियमचं. २००८-०९ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेली नवी इंजिनं आली आणि हा जुना साचा मागे पडला. आपल्याकडे गावोगावी लोक ‘कास्ट आयर्न’ म्हणून जिचा अभिमानाने उल्लेख करतात, ती ही गाडी.

या इंजिनात तेलाचा प्रवास कसा होतो? आजच्या बहुतेक मोटरसायकलींत तेल इंजिनाच्या तळाशीच साठलेलं असतं. बुलेटमध्ये तसं नाही. क्रँककेसच्याच ओतकामात एक वेगळा कप्पा आहे, तीच तेलाची टाकी. तिच्यात सव्वादोन लिटरच्या आसपास तेल मावतं. पंप दोन. एक तेल पुरवतो, दुसरा खाली जमलेलं तेल उपसून परत टाकीत पाठवतो. दोन्ही पंप दट्ट्याचे, म्हणजे लहानशा पिचकारीसारखे आहेत. क्रँकच्या टोकावरच्या वर्मने ते फिरतात. तेलाचा एक वाटा कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगला जातो आणि एक वाटा आपल्या बारीक नळीतून वर रॉकरकडे जातो. रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे. तिथे वंगण देऊन, हेडची थोडी उष्णता पोटात घेऊन तेल पुशरॉडच्या वाटेने खाली उतरतं.

म्हणजे तेलाची कामं दोन. घासणाऱ्या भागांत पातळ पडदा धरणं आणि उष्णता वाहून नेणं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात हे दुसरं काम फार महत्त्वाचं आहे, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासच्या कोपऱ्यापर्यंत वारा नीट पोचत नाही.

आता तेल किती तापलेलं चालतं? साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअस ही त्याची सुखाची जागा. १३०च्या पुढे साधं खनिज तेल लवकर खराब होऊ लागतं. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांनी तापमान वाढलं की तेल खराब होण्याचा वेग दुप्पट होतो. ते काळं पडतं, त्याचा चिकट थर बसतो आणि तो थर नेमका बारीक वाटांत बसतो. उलट तेल ८० अंशांच्या खालीच राहिलं तर तेही वाईट. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. तिच्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरते. तेल पुरेसं तापलं तर ती उडून जाते. नाही तापलं तर तेलात पाणी मिसळून ताकाच्या लोण्यासारखा पांढुरका फेस तयार होतो. पावसाळ्यात रोज फक्त दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं झाकण उघडून पाहा, तो दिसेल.

तेव्हा पहिलं काम पान्हा हातात घेण्याचं नाही, मोजण्याचं आहे. तापमान दाखवणारी तारेची पट्टी असलेला मल्टिमीटर विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. अर्धा तास नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवा, थांबवा आणि टाकीचं झाकण काढून तेलाचं तापमान घ्या. ते १०५ आलं तर कूलरची गरज नाही. पायाला चटका बसतो म्हणून इंजिन ‘जास्त तापतं’ असं ठरवू नका. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं बाहेरचं अंग गरम लागणारच, उष्णता बाहेर पडते आहे याचीच ती खूण.

तापमान खरंच जास्त आलं, तर आधी कारण शोधावं. इग्निशनचं टायमिंग मागे पडलं असेल तर पेट्रोल उशिरा जळतं आणि उष्णता एक्झॉस्टकडे जाते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असेल तरी तेच. फिन्सच्या फटींत चिखल आणि तेलाचा लगदा बसला असेल, त्यावर हौसेने रंगाचे जाड थर चढवले असतील, ब्रेक घासत असेल, टॅपेट घट्ट असतील, या सगळ्यांची तक्रार शेवटी तेलावर येते. हे सोडून कूलर लावणं म्हणजे ताप का आला ते न बघता कपाळावर घड्या ठेवत बसणं.

आता नळीकडे येऊ. जाड पाइप लावला की तेल जास्त जातं, अशी समजूत आहे. नळाच्या पाण्याचा अनुभव आपल्याला तसाच सांगतो. पण हा पंप पिचकारीसारखा आहे. प्रत्येक फेरीला त्याच्या पोटात मावेल तेवढंच तेल तो ढकलतो. वाट रुंद केली म्हणून पिचकारीत जास्त पाणी येत नाही. चांगल्या स्थितीतल्या पंपाला मूळची नळी पुरते. जाड पाइपने गाडी दिसते छान, इतकंच.

उलट बाजू मात्र खरी आहे. वाट अरुंद झाली तर फार बिघडतं. तेलासारखा दाट द्रव बारीक नळीतून जाताना होणारा विरोध नळीच्या आतल्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. व्यास निम्मा झाला तर विरोध दुप्पट नाही, सोळा पट होतो. नवा पाइप बाहेरून जाड दिसतो, पण त्याच्या टोकाच्या फिटिंगचं भोक बारीक असलं, काटकोनात वळणारे दोन-तीन एल्बो घातले, कुठे पाइप दुमडला, तर जाड पाइप लावून आपण वाट अरुंदच केलेली असते. त्यात पंप जुना, झिजलेला. त्याची चकती बैठकीवर नीट बसत नसेल, तर पुढे विरोध वाढताच तेल वर जाण्याऐवजी फटीतून मागे सरकतं. म्हणून नळी बदलण्याआधी पंप उघडून ती चकती बैठकीवर बारीक पेस्टने घासून बसवून घ्यावी. तेलाचा गाळणीचा फेल्टही बदलावा. हे काम बाहेरून दिसत नाही, पण वर जाणारं तेल वाढतं ते याने.

कूलरची गोष्ट थोडी वेगळी. कारखान्यात ज्या गाड्यांना कूलर बसवला जातो, त्यांचं सगळं इंजिन तो धरून आखलेलं असतं. सुझुकीने १९८५ साली विक्रीला आणलेल्या जीएसएक्स-आर ७५० या गाडीचं उदाहरण घ्या. ते इंजिन तेलाने थंड व्हायचं. त्यात पिस्टनच्या खालच्या अंगावर आणि हेडवर तेलाचे फवारे मारले जात. त्यासाठी पंपच दोन भागांचा केला होता. एक भाग दाबाने वंगण पुरवायचा, दुसरा भरपूर तेल हेडवर ओतायचा. आपल्याकडे २००७ साली आलेल्या पल्सर २२०ला ऑइल कूलर होता, रॉयल एन्फिल्डच्याच २०१६ च्या हिमालयनलाही होता. या सगळ्यांत कूलर दिसतो समोर, पण त्याच्या मागे त्याला पुरेसं तेल देणारा पंप आणि त्यासाठी ओतलेल्या वाटा असतात. जुन्या बुलेटमध्ये त्या नाहीत.

मग मिस्त्रीचा हात साहजिकच त्या बाहेरच्या नळीकडे जातो. तेलाची टाकी क्रँककेसच्या पोटात, परतीची वाटही आतूनच. बाहेर सहज हाती लागते ती रॉकरची नळी. ती मधे तोडायची, कूलर जोडायचा, काम झालं! पण विचार करा. या नळीतून जातो तो रॉकरच्या वाट्याचाच हिस्सा, म्हणजे कूलर थंड करणार तोही तेवढाच हिस्सा. आणि कूलरच्या बारीक वाटा, चार जोड, दोन फूट जादा पाइप, हा सगळा विरोध येतो तो रॉकरच्या तोंडच्या घासावर. सकाळी थंड इंजिन सुरू करताना तेल १०० अंशांच्या मानाने कितीतरी पट दाट असतं. ते हा वळसा घालून वर पोचेपर्यंत रॉकर कोरडे घासतात. उद्या कूलरमध्ये गाळ अडकला, तर रॉकर उपाशी राहिल्याचं कळतं ते टॅपेटचा खडखडाट सुरू झाल्यावरच.

म्हणून नियम असा: कूलर बसवायचाच तर तो परतीच्या तेलावर, पुरवठ्याच्या तेलावर नाही. परतीच्या वाटेवर दाब कमी, तेल जास्त, आणि तिथे थोडा अडथळा आला तरी कुठलं बेअरिंग थेट कोरडं पडत नाही. बुलेटमध्ये त्यासाठी परतीची वाट बाहेर काढावी लागते. ते मशीन शॉपचं, मोजमापाचं काम आहे. तेवढी तयारी नसेल तर कूलरचा नाद सोडावा. आणि कूलरबरोबर थर्मोस्टॅटची झडप हवी. ती साधारण ८० अंशांपर्यंत तेलाला कूलरकडे जाऊच देत नाही. नाही तर जून ते सप्टेंबर कोकणात गाडी चालवाल आणि तेलाचं ते लोणी करून घ्याल. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कूलर वाऱ्यावर चालतो. शहरातल्या सिग्नलला, जिथे इंजिन खरं गुदमरतं, तिथे वारा नसतो. म्हणून पुण्याच्या ट्रॅफिकसाठी कूलर हा तोडगा नव्हे. तो उपयोगी पडतो तो लांबच्या सलग चढावर.

आता जोडांबद्दल, कारण बहुतेक अनर्थ तिथेच होतात. पहिली गोष्ट आट्यांची. हे इंजिन इंग्रजी मापांत जन्मलेलं. बाजारात मिळणारी फिटिंग बहुतेक मेट्रिक. एक अष्टमांश बीएसपी या मापाचा बाहेरचा व्यास ९.७३ मिलिमीटर, एका इंचात २८ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. मेट्रिक दहा बाय एकचा व्यास १० मिलिमीटर, आट्यातलं अंतर एक मिलिमीटर, कोन ६० अंश. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. चुकीचा बोल्ट दीड-दोन फेरे जातोही, मग जड लागतो आणि आपल्याला वाटतं, घट्ट बसला. खरं तर तो क्रँककेसच्या मऊ ॲल्युमिनियमचे आटे कापत असतो. असा जोड घरासमोर गळत नाही. तो कंपनांनी तीनशे किलोमीटरवर सुटतो. दहा-पंधरा पात्यांचा थ्रेड गेज थोडक्या पैशांत मिळतो. तो लावून आटे मोजल्याशिवाय कुठलाही बोल्ट फिरवू नये. आणि बोल्ट पहिले चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी गेला पाहिजे, पान्ह्याने नाही.

दुसरी गोष्ट तांब्याच्या वायसरची. पोकळ बोल्टच्या डोळ्याला दोन बाजूंना दोन वायसर लागतात. एकदा दाबला गेलेला वायसर कडक होतो आणि दुसऱ्यांदा तो फटीत नीट बसत नाही. पुण्याच्या तांबट आळीतल्या कुठल्याही कारागिराला हे विचारावं लागणार नाही. भांडं ठोकून ठोकून कडक झालं की तो ते भट्टीत लाल करतो आणि तांबं पुन्हा मऊ होतं. आपण नवा वायसर घालावा हे उत्तम. नाही मिळाला तर जुना लाल होईपर्यंत तापवून, थंड करून, साफ करून वापरावा. जुनाच तसाच ठेवून पान्हा जोरात ओढणं हे पोकळ बोल्ट तोडण्याचं साधन आहे. आणि तिथे पांढरी टेफ्लॉनची टेप गुंडाळू नये. हा जोड आट्यांवर नाही, वायसरवर बंद होतो. टेपचा सुटलेला तुकडा मात्र तेलाबरोबर वर जाऊन रॉकरच्या भोकात अडकतो.

तिसरी गोष्ट पाइपची. पेट्रोलचा पाइप गरम तेलासाठी नसतो. तो काही महिन्यांत फुगतो किंवा कडक होऊन तडकतो. गरम तेलाला टिकणारा पाइप घ्यावा आणि त्याची टोकं स्क्रूच्या क्लिपने आवळण्याऐवजी यंत्राने क्रिंप करून घ्यावीत. भोसरी, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींत हायड्रॉलिक होजची दुकानं आहेत. जेसीबीचे पाइप करून देणारा माणूस तुमचा दोन फुटी पाइप थोड्या वेळात करून देईल. एकाच सिलिंडरचं हे इंजिन भरपूर थरथरतं. म्हणून पाइपला थोडा सैल वळसा ठेवावा, ताणून बांधू नये. मोटरसायकलची एक्झॉस्ट नळी याच उजव्या बाजूला आहे, तिच्यापासून पाइप लांब ठेवावा. इंजिनातलं तेल दोनशे अंशांच्या पुढे पेट घेण्याजोगं होतं आणि ती नळी त्याहून गरम असते. स्टीलच्या जाळीचा पाइप करवतीसारखा असतो. जिथे तो फिनला किंवा फ्रेमला लागेल तिथे रबराची बाही घालावी. नाही तर तो आधी फ्रेमचा रंग कापतो, मग स्वतःला.

सगळं जोडून झालं की लगेच फेरी मारायला निघू नये. टाकीत तेल पुरेसं आहे का पाहावं, कारण कूलर आणि पाइप आपल्या पोटात थोडं तेल धरतात. गाडी बरेच दिवस उभी असेल तर तेल टाकीतून खाली झिरपलेलं असतं, म्हणून पातळी इंजिन थोडं चालवून मग पुन्हा पाहावी. हेडवरचा पोकळ बोल्ट किंचित सैल करून इंजिन मंद चालवावं. तिथे तेल पाझरताना दिसलं म्हणजे वाट मोकळी आहे. बोल्ट आवळावा, सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसावेत, दहा मिनिटं चालवून पुन्हा पुसावेत. मग दहा किलोमीटर, मग पन्नास. प्रत्येक वेळी ते फडकं पाहावं.

इतकी काळजी कशासाठी, असं कोणी विचारेल. कारण या जुन्या बुलेटला तेलाचा दाब कमी झाल्याचं सांगणारा लाल दिवा नाही. कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढताना एखादा जोड सुटला, तर इंजिन तसंच चालत राहतं, चालवणाऱ्याला काही कळत नाही. पंप इमानाने तेल बाहेर फेकत राहतो आणि ते तेल वाऱ्याबरोबर मागच्या टायरवर जातं. सरळ रस्त्यावर टायर तेही सोसतो. वळणावर गाडी कलली की सोसत नाही. मागे बहुधा कोणी तरी बसलेलं असतं. इंजिन जाम झालं तर ब्लॉक बोअर करून पुन्हा उभं करता येतं. वळणावर पडलेल्या माणसाचं तसं नसतं.

ज्यांना आपल्या जुन्या गाडीवर हात चालवायची हौस आहे, त्यांनी ती जरूर भागवावी. यंत्र समजून घेण्याचा तोच रस्ता आहे. फक्त क्रम पाळावा. आधी तापमान मोजावं. मग टायमिंग, कार्बोरेटर, फिन्स, टॅपेट ठीक करावेत. मग पंप आणि गाळणी. मग मूळची नळी साफ करून नव्या वायसरवर बसवावी. बहुतेक गाड्यांचं काम इथेच संपतं. त्यानंतरही तेल तापत असेल आणि तुम्हाला खरोखर लांबचे चढ चढायचे असतील, तरच कूलर, परतीच्या तेलावर आणि थर्मोस्टॅटसकट. आणि पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, त्या चार-सहा जोडांवरून कोरडं फडकं फिरवायला विसरू नये.